हापूसमधला साका आंबट का लागतो?

पुण्याची_सून:
अक्षय्य तृतीयेला सासऱ्यांनी रत्नागिरीहून पेटी पाठवली. वास घरभर, साल पिवळीधमक, कुठे डाग नाही. नैवेद्याला पहिलंच फळ कापलं तर बाठ्याभोवती पांढुरका, थर्माकोलसारखा भाग, मध्ये बारीक पोकळ्या. तो आंबट आणि अर्ध्या इंचावरचा केशरी गर साखर! एकाच फळात दोन चवी कशा? डझनातली चार फळं अशी निघाली, जीव हळहळला.

कातळावरचा_बागायतदार:
ताई, हा साका. वरून आम्हालाही ओळखता येत नाही. फळ झाडावर फार पिकू दिलं की प्रमाण वाढतं, म्हणून आम्ही चौदा आणे, म्हणजे सोळातलं दोन आणे कमी, तयार झालं की काढतो, तेही सकाळी, देठासकट, झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने). काढलेलं फळ तापल्या कातळावर क्षणभरही ठेवत नाही. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन असलं की जमिनीची धग कमी लागते.

वनस्पतीशास्त्र_शिकवते:
कैरीच्या गरातली प्रत्येक पेशी स्टार्चच्या कणांनी ठासलेली असते. आढीत पिकताना विकरं (एन्झाइम) तो स्टार्च तोडतात, साखर होते आणि पेशीतल्या रसात विरघळते. त्याच वेळी पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिनही सैल पडतं. म्हणून पिकलेली फोड जिभेने दाबली तरी रस सुटतो आणि गोडी लगेच कळते. गोडीला नुसती साखर पुरत नाही, ती पेशीतून बाहेर यावी लागते.

साक्यात हे सगळं अडतं. स्टार्च तसाच राहतो, आम्लही उतरत नाही, पेशींमध्ये हवा शिरते. पांढरा रंग त्या हवेचा. बाठ्याजवळच का? फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजायच्या तयारीला लागतं आणि शेजारच्या गरातलं पाणी ओढतं, असं संशोधनात दिसलंय. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना'त (1981) साका होत नाही. मला ती जात फार मोलाची वाटते.

उरलेला स्टार्च घरी बघायचा असेल तर फोडीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, स्टार्च असेल तिथे निळाकाळा रंग येतो. ती फोड मात्र खाऊ नका.

कॅलिफोर्नियातून:
इकडच्या पीचचं वेगळंच. त्यात आंब्यासारखा स्टार्चचा साठाच नसतो, त्यामुळे कच्चा तोडलेला पीच घरी मऊ होतो पण गोड होत नाही. वर साधारण 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये बरेच दिवस राहिला तर पेक्टिन रस धरून ठेवतं. साखर आत असूनही फळ कापसासारखं कोरडं लागतं.

वनस्पतीशास्त्र_शिकवते:
अगदी बरोबर! आणि ताई, न पिकलेला हापूसही फ्रिजात नको. 12-13 अंशांखाली तो नीट पिकत नाही.

पुण्याची_सून:
थेंब टाकला. केशरी गरावर नुसता तपकिरी डाग, साक्यावर मिनिटभरात शाईसारखा निळाकाळा. लेक ताटलीजवळून हलेना. उरलेली फळं कापून बाठ्याभोवतीचा भाग काढला, बाकीचा रस केला. छान गोड झाला.