पेत्र पडला, पण बाद झाला नाही

एकांनी लिहिलंय की श्रद्धा पक्की असेल तर सैतान जवळ फिरकत नाही, आणि जो मोहात पडला त्याची श्रद्धा मुळातच कच्ची. नाही पटलं. सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतोय, विश्वासात दृढ राहून त्याला विरोध करा, असं बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहिणारा येशूचा शिष्य पेत्र कोण? येशूला अटक झाली त्या रात्री महायाजकाच्या अंगणात विस्तवापाशी शेकताना 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून हात झटकणारा. तेही तीनदा, आणि सुरुवात झाली ती एका दासीने हटकल्यावर. सैनिकांपुढे नव्हे!

पुढे, येशू पुन्हा उठल्यावर, तिबिर्याच्या समुद्राकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव. त्यावर मासळी, सोबत भाकर. येशू आधी न्याहारी देतो, मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? झाल्या प्रकाराचा पाढा वाचत नाही, पण विषय टाळतही नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलंच. आणि लगेच काम सोपवलं: माझी मेंढरे चार, म्हणजे माझ्या लोकांना सांभाळ.

म्हणूनच असेल, त्याच्या पत्रात एकट्याने छाती काढून लढा असं नाही. आधी नम्र व्हा, चिंता देवावर टाका, जगभरातले भाऊबंद हेच सोसताहेत हे ध्यानात ठेवा.

पडलेल्याला बाद करायचं नसतं, हे पंडिता रमाबाईंनी ओळखलं होतं. केडगावला दुष्काळातल्या मुलींना आसरा दिलाच, शिवाय समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमात प्रार्थनेच्या जोडीला छापखाना, विणकाम, शेतीही होती. आमच्या चर्चमध्ये मात्र दारू सोडून परतलेल्याला गायनमंडळात घ्यायलाही खळखळ.