विद्यार्थ्यांची व्यवसाय परिषद: पॅनेल चर्चा काढून कार्यशाळा वाढवाव्यात का?

कोरी_पाटी

विद्यापीठांमध्ये विद्यार्थी स्वतः चालवतात त्या व्यवसाय परिषदांचा साचा ठरून गेला आहे. उद्घाटन, एक मोठं भाषण, चार-पाच पॅनेल, मध्ये स्पॉन्सरची सादरीकरणं, संध्याकाळी भेटीगाठी. माझं म्हणणं असं की पॅनेल जवळपास सगळी काढावीत आणि तो वेळ कार्यशाळांना द्यावा.

पॅनेलचा हिशोब मांडून बघा. ४५ मिनिटांचं सेशन, मंचावर चार वक्ते. स्वागत आणि ओळखीत ५ मिनिटं जातात, शेवटची १० प्रश्नोत्तरांची. उरली ३०. त्यातली पाच-सहा मॉडरेटरच्या, म्हणजे चर्चा चालवणाऱ्याच्या, प्रश्नांत जातात. म्हणजे माणशी सहा मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांत. एवढ्या वेळात थकलेली उधारी कशी वसूल केली किंवा सगळ्यात मोठा ग्राहक का सोडून गेला, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. मग चिकाटी, जिद्द, टीमवर्क असं सगळ्यांना लागू पडणारं बोललं जातं. टेड या छोट्या भाषणांसाठी प्रसिद्ध परिषदेच्या मंचावर एका वक्त्याला जास्तीत जास्त १८ मिनिटं मिळतात आणि ती एकट्याची असतात. आपण चौघांना मिळून त्याहून थोडा जास्त वेळ देतो.

त्याऐवजी ७५ मिनिटांची कार्यशाळा घ्या. ३० जण, सहा-सहाची पाच टेबलं, दोन पानी केस, म्हणजे सोडवायला दिलेला व्यवसायातला प्रसंग. उदाहरणार्थ, एका कंपनीची विक्री दर महिन्याला वाढते आहे. ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतात, माल पुरवणाऱ्याला मात्र १५ दिवसांत द्यावे लागतात. विक्री वाढते तसा बँकेतला पैसा का आटतो, आणि तुम्ही काय कराल? १० मिनिटं मांडणी, १५ मिनिटं वाचन, ३० मिनिटं आकडेमोड, २० मिनिटं चर्चा. तज्ज्ञ टेबलांमधून फिरतो. तो तोच माणूस, जो पॅनेलवर सहा मिनिटं बोलला असता.

ही परिषद ऐकायला येणाऱ्यांसाठी आहे, मंचावरच्या फोटोसाठी नाही.

---

ताळेबंद

हेतू पटतो, पण पैसा कुठून येणार हे तुमच्या मांडणीत नाही. सभागृह, ध्वनिव्यवस्था, जेवण आणि वक्त्यांचा प्रवास या चार खर्चांत बहुतेक बजेट संपतं, आणि त्याचा मोठा भाग स्पॉन्सर उचलतो. स्पॉन्सर पहिला प्रश्न विचारतो, "वक्ते कोण?" यादीत बारा नावं असली तर बोलणं पुढे जातं. "३० जणांच्या खोलीत केस सोडवणार" म्हटलं की समोरचा विचारतो, माझा लोगो नेमका कुणाला दिसणार?

वेळेचंही गणित बघा. कंपन्यांचं बजेट आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी ठरतं, म्हणून मागणी सहा-सात महिने आधी पोचायला हवी. तेव्हा हातात दाखवण्यासारखी एकच गोष्ट असते: होकार दिलेल्या वक्त्यांची नावं. कार्यशाळेची केस त्या वेळी लिहूनही झालेली नसते.

आणि तुमची ती ६० आणि १५ दिवसांची केस खुद्द परिषदेलाच लागू आहे. सभागृहाची अनामत आधी भरावी लागते, स्पॉन्सरचा चेक कार्यक्रम उरकल्यावर येतो. म्हणून करारात अर्धी रक्कम सहीच्या वेळी आणि उरलेली कार्यक्रमाच्या १५ दिवस आधी, असं लिहून घ्यावं. तोंडी होकार बजेटमध्ये धरूच नये. हे जमवायला हात बळकट लागतो, आणि तो बळकट होतो नावांमुळे.

---

सूत्रधार

पॅनेल वाईट नाही, वाईट चालवलेलं पॅनेल वाईट आहे. चारऐवजी तीन वक्ते घ्या. परिचय मंचावर वाचू नका, तो छापून द्या. तिघांपैकी किमान दोघांची मतं खरोखर वेगळी हवीत: एकाने बाहेरून भांडवल घेऊन कंपनी वाढवलेली, दुसऱ्याने मुद्दाम न घेता. "उद्योजकतेचं भविष्य" असला विषय ठेवला की बोलणं पसरतं. "पहिल्या दोन वर्षांत बाहेरचं भांडवल घ्यावं का?" असा, हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न ठेवा.

मॉडरेटरने आठवडाभर आधी तिघांशी मिळून २० मिनिटं फोनवर बोलावं, पण खरे प्रश्न तिथे विचारू नयेत, नाहीतर मंचावर शिळी उत्तरं येतात. आणि मॉडरेटर म्हणून कमिटीच्या अध्यक्षाला बसवण्याची प्रथा बंद करावी. त्या दिवशी अध्यक्षाच्या डोक्यात पंचवीस गोष्टी असतात. ज्याला विषय कळतो आणि जो मोठ्या माणसाचं बोलणं नम्रपणे तोडू शकतो, असा विद्यार्थी दोन महिने आधी निवडून तयार करावा.

प्रेक्षकांत फिरणारा माइक स्वयंसेवकाने स्वतःच्या हातात धरावा, प्रश्न विचारणाऱ्याला देऊ नये. एवढ्यानेच प्रश्नाच्या नावाखाली होणारी भाषणं निम्म्यावर येतात. कॉलरचे माइक टाळा. कपड्यावर घासून खरखर येते आणि तीन एकदम उघडे असले की शिट्टी वाजते. प्रत्येकाला हातातला एक, शिवाय एक राखीव, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या.

आणखी एक. मोठा वक्ता शेवटच्या आठवड्यात रद्द होतो, हे धरूनच चालावं लागतं. एकट्याचं भाषण गेलं की ४० मिनिटांचं भगदाड पडतं. पॅनेलमधला एक गेला तर दोघांवर सेशन निभावतं. हा आधार सोडू नका.

---

कोरी_पाटी

सूत्रधार, रद्द होण्याचा मुद्दा मान्य. पण कार्यशाळेतही तो सुटतो. केस आणि चर्चेचे टप्पे लिहून तयार असले, तर तज्ज्ञ न आल्यास विषय शिकवणारे प्राध्यापक किंवा वरच्या वर्गातला तयारीचा विद्यार्थी ती घेऊ शकतो. भाषण मात्र दुसऱ्याला देता येत नाही.

ताळेबंद, स्पॉन्सरला लोगोपेक्षा जास्त काय हवं असतं? नोकरीसाठी चांगली मुलं. ३० जणांच्या खोलीत त्याचा माणूस ७५ मिनिटं बसला की कोण नीट विचार करतो, हे त्याला समोर दिसतं. हे त्याच्या भाषेत मांडलं पाहिजे.

---

मागची_रांग

ऐकायला येणाऱ्याच्या बाजूने विचारतो. ४०० जण येणार. चार खोल्या, प्रत्येकी ३०, म्हणजे एका फेरीत १२०. बाकीचे २८० कुठे? तीन फेऱ्या केल्या तरी ३६० जागा. प्रत्येकाला एकच कार्यशाळा दिली तरी ४० जण कोरडे राहतात. पहिल्या वर्षाची, ओळखीपाळखी नसलेली मुलंच त्यात अडकतील, कारण नोंदणी सुरू झाल्याचं त्यांना सगळ्यात शेवटी कळतं. मोठ्या सभागृहातलं पॅनेल निदान सगळ्यांना सारखं मिळतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

कोरी_पाटी

आकडेमोड बरोबर आहे आणि आक्षेपही खरा आहे. पाच खोल्या घेतल्या तर तीन फेऱ्यांत ४५० जागा होतात, सगळे मावतात. नोंदणी "आधी येईल त्याला" अशी ठेवू नये. पाच दिवस फॉर्म उघडा ठेवावा, प्रत्येकाने तीन पसंती द्याव्यात आणि चिठ्ठ्या टाकून वाटप करावं. जे कार्यशाळेत नसतील त्यांच्यासाठी सभागृहात एकेका माणसाची सविस्तर मुलाखत चालू राहील. म्हणजे प्रत्येकाला एक कार्यशाळा आणि दोन मुलाखती.

---

पडद्यामागे

पाच खोल्या म्हणजे पाच तज्ज्ञ, पाच प्रोजेक्टर, आणि फेरी बदलताना दीडशे माणसं एका जिन्यावर. खोल्या एकाच मजल्यावर नसतील तर मधली सुट्टी १० नाही, २० मिनिटांची लागते. तीन फेऱ्यांमध्ये अशा दोन सुट्ट्या येतात, म्हणजे नुसत्या चालण्यात ४० मिनिटं. वेळापत्रक करणारे हा आकडा हमखास विसरतात आणि दुपारी तीनपर्यंत कार्यक्रम तासभर मागे पडतो.

सकाळच्या नोंदणीचंही तसंच. ४०० जण अर्ध्या तासात येतात. यादीत नाव शोधून बॅज द्यायला माणशी ४० सेकंद धरले तर नऊ टेबलं लागतील. क्यूआर कोड स्कॅन करून १० सेकंदांत सोडलं तर तीन पुरतात. अट एकच, बॅज आधी छापून पहिल्या नावाच्या अक्षराप्रमाणे लावलेले हवेत आणि ज्यांचं नाव सापडत नाही त्यांच्यासाठी टेबल वेगळं हवं. तो एक माणूस रांगेत वाद घालत राहिला की मागचे शंभर थांबतात.

कार्यशाळांच्या मी विरोधात नाही. पण खोलीतला कोपरा न् कोपरा आदल्या दिवशी तपासायचा असतो: टेबलं हलतात का, प्लग कुठे आहेत, मागच्या टेबलाला आवाज जातो का. पायऱ्यांच्या वर्गात, जमिनीला ठोकलेल्या बाकांवर सहा जणांचा गट बसूच शकत नाही. बऱ्याच विद्यापीठांत वर्ग तसेच असतात, म्हणून खोल्या बघितल्याशिवाय कार्यशाळांची संख्या जाहीर करू नये.

---

ताळेबंद

"स्पॉन्सरचा माणूस खोलीत बसेल" या वाक्याने मला धास्ती वाटते. मग ती कार्यशाळा उरते की निवड चाचणी? मुलं चुकायला घाबरतील. बसवायचाच असेल तर दारावर तसं लिहा. मुलांचे बायोडेटा स्पॉन्सरला द्यायचे असतील तर नोंदणीच्या फॉर्मवर त्यासाठी वेगळा चौकोन हवा, आधीपासून खूण न केलेला. "नोंदणी केली म्हणजे संमती" हे चालणार नाही.

टेडच्या वेळेचं उदाहरण दिलंत, तर दुसरी बाजूही बघा. टेडएक्सच्या, म्हणजे टेडचा परवाना घेऊन स्थानिक आयोजक भरवतात त्या कार्यक्रमांच्या, नियमांत स्पॉन्सरला मंचावरून प्रचार करता येत नाही आणि वक्त्यांना मानधन दिलं जात नाही. आयोजक स्वतः टेडच्या परिषदेला गेलेला नसेल तर प्रेक्षक १०० पर्यंतच ठेवावे लागतात. मंच स्वच्छ ठेवायचा तर आकार लहान ठेवावा लागतो. तुम्हाला ४०० माणसंही हवीत आणि मंचही स्वच्छ हवा. यातलं एक थोडं सोडावं लागेल.

---

हस्तांतरण

तुम्ही सगळे कार्यक्रमाच्या दिवसावर भांडताय, दुखणं त्याच्या आधीच्या दहा महिन्यांत आहे. कमिटी दरवर्षी बदलते. निवड उशिरा होते, मग नव्या मुलांचे पहिले दोन-तीन महिने खात्यावर सहीचा अधिकार मिळवण्यात आणि जुने ईमेल शोधण्यात जातात. तोवर स्पॉन्सरची बजेटं ठरलेली असतात. शेवटी घाईत जे सोपं तेच होतं: नावं गोळा करा आणि पॅनेल लावा. चांगल्या केससाठी तज्ज्ञाबरोबर दोन-तीन मसुदे व्हावे लागतात, त्याला दीड-दोन महिने जातात. तेवढा वेळ उरलेलाच नसतो.

स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन सिम्पोझियम बघा. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनांनंतर १९६९ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी समिती स्थापन केली आणि आजही परिषद विद्यार्थीच चालवतात. फरक हा की त्यांची टीम अभ्यास थांबवून पूर्ण वेळ हेच काम करते. तरुण सहभागींपैकी बरेच जण निबंध स्पर्धेतून निवडले जातात, म्हणजे येणारा विचार करूनच येतो. आपल्याला पूर्ण वेळ देता येणार नाही, पण दोन गोष्टी जमतील. पुढच्या वर्षीचा प्रमुख या वर्षी उपप्रमुख असावा, आणि परिषद संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक विभागाने आपली फाइल लिहावी: कुणाला कधी पत्र गेलं, काय उत्तर आलं, कुठला पुरवठादार वेळेवर आला, किती जेवणं मागवली आणि किती उरली.

वक्त्यांची यादी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कार्यालयाला आधी दाखवा. तेच कार्यालय त्याच माणसाकडे देणगी मागत असतं. एकाच आठवड्यात दोन पत्रं गेली की दोन्हीकडून नकार येतो.

---

सूत्रधार

निबंधाची कल्पना उचलण्यासारखी आहे. कार्यशाळेला चिठ्ठ्यांऐवजी अर्ध्या पानाचं उत्तर मागवा. केसमधला एकच प्रश्न, १५० शब्द.

कोरी_पाटी, तुमच्या कार्यशाळेत सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. तज्ज्ञ ४० स्लाइड घेऊन येतो आणि ७५ पैकी ६० मिनिटं बोलतो. मग ते भाषणच झालं, फक्त ऐकणारे कमी. टप्प्यांचा कागद त्याला तीन आठवडे आधी पाठवा, १५ मिनिटं फोनवर बोला, स्लाइड तीनपेक्षा जास्त नाहीत हे तेव्हाच ठरवा, आणि खोलीत वेळ सांगायला एक विद्यार्थी बसवा ज्याचं बोलणं तज्ज्ञाने ऐकायचं हे आधी मान्य झालेलं असेल. अपयशाबद्दल मोकळं बोलायला हवं असेल तर चॅटम हाउस नियम लावा: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते बाहेर सांगू नका. त्या खोलीत चित्रीकरण नाही.

---

मागची_रांग

१५० शब्दांच्या उत्तराने पुन्हा तेच होणार. लिहायची सवय असलेली मुलं आत, बाकीची बाहेर. निम्म्या जागा उत्तरावर आणि निम्म्या चिठ्ठीवर द्या, उत्तर कुठल्याही भाषेत चालेल असं लिहा.

---

कोरी_पाटी

निम्मं-निम्मं मान्य. ताळेबंद यांच्यासाठी बदललेला प्रस्ताव: सकाळी सूत्रधार म्हणतात तसं तीन वक्त्यांचं एकच पॅनेल, सगळ्यांसाठी. स्पॉन्सरला दाखवायची नावं तिथे. मग तीन फेऱ्या, पाच खोल्या, बरोबरीने सभागृहात मुलाखती. स्पॉन्सरचं सादरीकरण मंचावर नाही, त्याला जेवणाच्या दालनात स्टॉल. गट बसवता येतील अशी टेबलं मिळाली नाहीत तर खोल्या तीन, आणि जाहिरातीत तेवढ्याच.

---

ताळेबंद

एकाच पॅनेलची तीन नावं आणि मुलाखतींची तीन. सहा नावांवर मुख्य स्पॉन्सर मिळेल, लहान चार मिळणार नाहीत. तो तुटवडा भरायला प्रवेशशुल्क लावावं लागेल, आणि मागची_रांग यांचा आक्षेप तिथे पुन्हा उभा राहतो. पूर्ण मोफत ठेवलं तरी अडचण आहे, कारण फुकट नोंदणी केलेल्यांपैकी पुष्कळ जण येतच नाहीत आणि ३० च्या खोलीत १४ बसतात. मी परत मिळणारी अनामत सुचवेन: आल्यावर परत, न आल्यास जप्त, आणि ज्यांना भरणं शक्य नाही त्यांना कारण न विचारता माफ. बजेट मात्र ती सगळ्यांना परत द्यावी लागेल असं धरूनच करायचं. लहान चार स्पॉन्सरची जागा त्याने भरत नाही, म्हणून पॅनेल दोन ठेवा. एकावर माझी सही नाही.