चर्चा: आफ्रिकेतल्या वास्तुशाळांनी पहिलं वर्ष गवंड्याच्या हाताखाली सुरू करावं का? (सहभागी टोपणनावांनी लिहितात: ओळंबा, सळई, नकाशा आणि रेघोटी.)

ओळंबा

उत्तर नायजेरियातलं झारिया हे हौसा लोकांचं जुनं शहर. एकोणिसाव्या शतकात बब्बन ग्वानी मिकाइला या मुख्य गवंड्याने तिथे जुम्मा मशीद बांधली. मातीचे जाड खांब आणि त्या खांबांतूनच फुटल्यासारख्या वर झेपावणाऱ्या मातीच्या कमानी. १९५० च्या दशकात त्याच शहरात उच्च तंत्रशिक्षणाचं कॉलेज सुरू झालं आणि १९५८ साली तिथल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी झारिया आर्ट सोसायटी काढली. उचे ओकेके यांनी तिला एक विचार दिला, 'नॅचरल सिंथेसिस': परदेशी शिक्षणातलं उपयोगाचं आणि आपल्या मातीतलं उपयोगाचं दोन्ही घ्यायचं, पण निवड आपण करायची. त्याच गटातले देमास न्वोको शिकले चित्रकला, पुढे बांधकामात उतरले, जांभ्या मातीत थोडं सिमेंट घालून स्वतःचे ब्लॉक पाडले, इबादानचं डॉमिनिकन चॅपल उभं केलं. २०२३ च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकलेच्या प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला.

वास्तुकलेची पदवी नसलेल्या माणसाला जे साधलं ते पदवीधरांना सहसा साधत नाही, आणि त्याचं कारण अभ्यासक्रमाच्या मुळाशी आहे. लंडनच्या एए (आर्किटेक्चरल असोसिएशन) या वास्तुशाळेत १९५४ साली 'ट्रॉपिकल आर्किटेक्चर'चा, म्हणजे उष्ण प्रदेशांसाठीच्या वास्तुकलेचा, अभ्यासक्रम सुरू झाला. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे ब्रिटिश वास्तुविशारद पश्चिम आफ्रिकेत आणि मग चंडीगडला काम करून परतले होते. पुढे तो विभाग ऑटो कोनिग्सबर्गर यांनी सांभाळला. कोनिग्सबर्गर आधी म्हैसूर संस्थानात आणि मग दिल्लीत होते. आपल्याकडचे विद्यार्थीही त्यांच्याच पद्धतीने सूर्यकोन आणि वारा शिकतात. घानातल्या कुमासीची वास्तुशाळा याच विभागाशी जोडलेली होती. त्या अभ्यासाने हवामान नेमकं मोजलं, पण त्या हवामानात पिढ्यान्‌पिढ्या घर बांधणारा माणूस त्यात कुठे दिसत नाही.

माझं म्हणणं असं की पहिल्या वर्षाचं एक अख्खं सत्र गवंड्याकडे द्यावं, आणि ज्यूरीत, म्हणजे मुलांचं काम तपासणाऱ्या मंडळात, मार्क देण्याचा हक्कही त्याला असावा.

सळई

मूळ हेतू पटतो, मागणी पटत नाही. हौसा बांधकामात छताला 'अझारा' म्हणजे ताडाच्या चिरलेल्या फळ्या वापरतात. नर झाडाचं लाकूड घेतात कारण ते कठीण असतं आणि वाळवी लागत नाही. पण एका फळीने साधारण दोन मीटरचं अंतरच झाकता येतं. चाळीस मुलांचा वर्ग त्यात बसत नाही.

दुसरं, डागडुजी. मालीतली जेन्नेची मोठी मशीद आज उभी आहे ती १९०७ ची. दरवर्षी सगळं गाव मिळून तिला चिखलाचा गिलावा करतं. तरीही ५ नोव्हेंबर २००९ ला चोवीस तासांत ७५ मिमी पाऊस पडला आणि पूर्वेकडच्या भिंतीवरच्या दक्षिण मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. वर्षानुवर्षं थरावर थर चढला की गिलावाच ओझं होतो. जिथे गाव एकत्र येत नाही अशा सरकारी दवाखान्याला दरवर्षी कोण लिंपणार? विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी भारवहन आणि काँक्रीट कळलं पाहिजे. लागोससारख्या शहरात मातीचं एकमजली घर हे उत्तर नाही.

ओळंबा

दोन मीटरवर तुम्ही थांबलात, हौसा गवंडी थांबला नाही. एकाच खांबातून फळ्यांचे झुबके टप्प्याटप्प्याने पुढे काढायचे, प्रत्येक टप्पा चिखलात गाडायचा, समोरून येणाऱ्या झुबक्याला वर भेटवायचं. याला 'बाकन गिझो' म्हणतात, म्हणजे इंद्रधनुष्य. दोन मीटरच्या लाकडातून कितीतरी मोठी खोली झाकली जाते. इथे ताण लाकूड घेतं आणि दाब माती घेते. तुमच्या काँक्रीटमध्ये सळई जे करते तेच. भारवहन शिकवायला याहून चांगलं पहिलं उदाहरण मला माहीत नाही. मुलाच्या हातात फळी दिली की ती कुठे वाकते ते त्याला दिसतं.

जेन्नेबद्दल तुमचं निदान बरोबर आहे, पण त्यावरचा उपायही गवंड्यांकडेच होता: जुने जाड थर खरवडून मूळ भिंतीपर्यंत जायचं. उलट मालीतल्याच मोप्तीच्या मशिदीत १९७८ साली 'कायमचा' उपाय म्हणून वरच्या भागाला सिमेंट फासलं. सिमेंट कडक आणि माती हलती, म्हणून दोन्हींत फट पडली, आत गेलेलं पाणी बाहेर येईना आणि मागची माती भिजून सुटत गेली. २००४ नंतरच्या दुरुस्तीत ते सिमेंट काढावं लागलं. मातीची भिंत श्वास घेते हे वाक्य पुस्तकात पाठ करून ही चूक टळत नाही.

नकाशा

दोघंही 'आफ्रिकन परंपरा' एक गोष्ट असल्यासारखं बोलताय, तिथेच माझा आक्षेप आहे.

दक्षिण आफ्रिकेतलं मापुंगुब्वे इंटरप्रिटेशन सेंटर घ्या. पीटर रिच यांचं काम, २००९ च्या वर्ल्ड आर्किटेक्चर फेस्टिव्हलमध्ये 'वर्ल्ड बिल्डिंग ऑफ द इयर' ठरलं. त्याच्या लादीच्या पातळ कमानी म्हणजे कॅटलान पद्धत, भूमध्य समुद्राकाठची. आफ्रिकन काय आहे तर माती, आणि स्थानिक बेरोजगार लोकांनी शिकून हाताने दाबून काढलेल्या सुमारे दोन लाख लाद्या. आता याला परंपरा म्हणायचं का?

दक्षिण आफ्रिकेतल्याच नदेबेले लोकांच्या भिंतचित्रांचंही तेच. १८८३ च्या पराभवानंतर हे लोक बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांच्या, शेतांवर वेठीला बांधले गेले, पांगले. आज जगभर ओळखली जाणारी ती ठळक रंगांची भूमिती त्यानंतरच्या काळात बायकांनी घडवली, दुकानातले रंग हाती आल्यावर ती आणखी भडक झाली. म्हणजे जिला आपण 'प्राचीन' म्हणून शिकवणार ती आपल्या पणजोबांच्या काळातली आहे. अभ्यासक्रमावर 'आफ्रिकन' असा शिक्का मारला की मुलं शंकूच्या आकाराची छपरं आणि झिगझॅग पट्टे काढून मोकळी होतात.

रेघोटी

नकाशा, नदेबेलेचा मुद्दा मला उलट्या बाजूने महत्त्वाचा वाटतो. परंपरा नवी असू शकते, संकटात घडू शकते, हेच विद्यार्थ्याला कळायला हवं. त्याने ती जुन्या वस्तूसारखी काचेत ठेवायची नाही.

मी डिझाइनच्या बाजूने लिहिते, कारण आतापर्यंत सगळी चर्चा भिंतीवरच झाली. नायजेरियातल्या इग्बो बायकांची 'उली' ही नक्षी घ्या. वनस्पतीच्या रसाने अंगावर काढलेली नक्षी आठवडाभरात फिकी होते, भिंतीवरची पावसात धुऊन जाते. तिच्यात मोजक्या वळणदार रेषा असतात आणि त्यांच्याभोवती भरपूर मोकळी जागा. ओकेके यांनी ती आपल्या आईकडून समजून घेतली आणि १९७० च्या दशकात न्सुक्का विद्यापीठाच्या कलाविभागात आणली. तिथे उलीचे नमुने उतरवून घेणं हा शेवट नव्हता, रेषा कुठे थांबवायची हे शिकणं महत्त्वाचं होतं. टायपोग्राफीच्या विद्यार्थ्यालाही नेमकं हेच लागतं.

याच्या विरुद्ध टोकाला घानाची आदिंक्रा चिन्हं. कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात ठसे भोपळ्याच्या कवचातून कोरतात. शाईसाठी 'बादिए' झाडाची साल भिजवायची, कुटायची, पाणी घालून उकळायची, गाळायची आणि डांबरासारखी दाट होईपर्यंत पुन्हा आटवायची. कवच मुळात वाकडं असतं, म्हणून ठसा दाबत नाहीत, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झुलवतात. या झुलण्यातून छापणाऱ्याचा हात चिन्हात उतरतो. संगणकावर तेच चिन्ह घेऊन दर्शनी भागाच्या जाळीत हजारदा चिकटवलं की हात निघून जातो आणि सपाट लोगो उरतो. शिवाय घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोककलेचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे ठेवले आहेत. मुलांना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

आणखी एक. बुर्किना फासोच्या तिएबेलेत भिंत पुरुष बांधतात, पण रंग, घोटाई आणि नेरे झाडाच्या शेंगा उकळून केलेलं पाणी मारून भिंत पावसापासून जपणं हे बायकांचं शास्त्र आहे. ज्यूरीत 'गवंडी' बसवताना फक्त पुरुष बसवले तर अर्धं ज्ञान बाहेरच राहील.

सळई

रेघोटींचा शेवटचा मुद्दा मान्य. पण गवंडी शिक्षक झाला की सगळं सुरळीत होतं असं इतिहास सांगत नाही. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फथींनी युद्धकाळात लाकूड मिळेना म्हणून फर्म्याशिवाय, म्हणजे खालच्या लाकडी आधाराशिवाय, कच्च्या विटांची कमानछतं करून पाहिली, ती पडली. मग १९४१ मध्ये अस्वानजवळ न्यूबियन गवंडी सापडले आणि कमानछतं, घुमट दोन्ही जमलं. इथपर्यंत कथा सगळे सांगतात. पुढे न्यू गुर्नात, त्यांनी आखलेल्या नव्या गावात, काय झालं? थडग्यांवर राहणाऱ्या गुर्नावासीयांना तिथून उठायचंच नव्हतं, आणि घुमट तर त्यांच्या लेखी कबरीचा आकार. ठरलेल्या वस्तीतला थोडाच भाग पुरा झाला. परंपरा एका गावची घेतली आणि दुसऱ्या गावावर घातली. बुर्किना फासोचे वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनाही त्यांच्या गांदो गावात गावकऱ्यांनी आधी हेच विचारलं, मातीची शाळा का, काँक्रीटची का नाही? आणि केरे शिकले बर्लिनला.

ओळंबा

केरे यांचं शिक्षण बर्लिनचं, हे बरोबर. २००१ च्या त्या शाळेत त्यांनी केलं काय ते पाहू. भिंती दाबून पाडलेल्या मातीच्या विटांच्या, छताखाली विटांचंच आच्छादन. त्याच्या बऱ्याच वर पन्हळी पत्रा, सळयांच्या हलक्या कैच्यांवर (त्रिकोणी सांगाड्यांवर) उचललेला. पत्रा तापतो, पण मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते आणि पुढे आलेला पत्रा भिंतीला पावसापासून वाचवतो. कैचीला सळईच का, तर ती हाताने उचलून नेता येते, हॅकसॉने कापता येते, छोट्या मशीनवर वेल्ड होते. दरवर्षीच्या लिंपणाबद्दल तुम्ही विचारलं होतं, त्याचं एक उत्तर हे. न्यूबियन कमानछतात तर गवंड्याची कळ वेगळीच आहे: वीट २५ × १५ × ५ सेंमी, नेहमीपेक्षा पेंढा जास्त म्हणजे हलकी, आणि रुंद बाजूवर बोटांनी ओढलेल्या दोन चरी, चिखल चिकटून राहावा म्हणून. प्रत्येक थर शेवटच्या भिंतीवर तिरका रेलतो. हे रेलणं चुकलं की छत पडतं, आणि कागदावरच्या आराखड्यात ते दिसत नाही.

म्हणून सत्राचा आराखडा ठोस देतो. आधी माती: बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून दुसऱ्या दिवसापर्यंत थर पाहायचे. मग ३ सेंमी जाडीची वळी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. ५ सेंमीच्या आत तुटली तर चिकणमाती कमी, भिंत भुरभुरेल. १५ सेंमीच्या पुढे गेली तर जास्त, वाळताना भेगा पडतील, वाळू मिसळावी लागेल. त्यानंतर 'तुबाली', हौसांची नासपतीच्या आकाराची हाताने वळलेली वीट, उन्हात वाळवून टोक वर ठेवत चिखलात बसवायची. दोन मीटर लांब, दीड मीटर उंच भिंत, अर्धीवर छप्पर, अर्धी उघडी. ही झारियात कोरड्या ऋतूत, जानेवारीपर्यंत उभी करायची, म्हणजे पुढचा पावसाळा तिची परीक्षा घेईल.

नकाशा

या आराखड्याला माझा विरोध नाही, कारण यात 'आफ्रिकन' हा शब्दच नाही, झारिया आहे. प्रत्येक शाळेने आपल्या पन्नास किलोमीटरच्या आतलं घ्यावं. पण पहिल्या वर्षाचं अख्खं सत्र नको. सहा आठवडे पुरे.

ओळंबा

सहा आठवड्यांत विटा पाडून वाळतील, जेमतेम भिंत उभी राहील. पावसाळा त्यात कसा येणार?

सळई

मग सत्र सहा आठवड्यांचंच ठेवा, निकाल मात्र ऑक्टोबरात लावा. पाऊस संपल्यावर त्याच मुलांनी भिंतीसमोर उभं राहावं, उघड्या अर्ध्यातून किती माती वाहिली ते मोजावं, पायाशी उडालेल्या चिखलाची उंची नोंदवावी, गवंडी सांगेल तशी दुरुस्ती करावी आणि तेव्हाच्या दुरुस्तीला अर्धे मार्क द्यावेत. हे मार्क गवंड्याने दिले तर मी सही करेन. फक्त त्याला मानधन प्राध्यापकाच्या दराने द्या.