केसांसाठी 'प्लान्ट प्रोटीन' घेऊ का? घरात गव्हाची ॲलर्जी आहे

मृण्मयी_के
रंग आणि स्ट्रेटनिंग, दोन्हीमुळे माझ्या केसांची टोकं पार झाडूसारखी झालीत. पार्लरवाली म्हणते, प्लान्ट प्रोटीनचं कंडिशनर घ्या. दुकानात कुठे गहू, कुठे सोया, कुठे तांदूळ, आणि एकावर तर 'व्हेगन केराटिन'! लेक सहा वर्षांची आहे, तिला गव्हाची ॲलर्जी आणि एक्झिमाही आहे. बाथरूममधली बाटली सगळेच वापरतात. काय घ्यावं? जाणकारांनी सांगा.

रेवा_ठाणे
मी याच क्षेत्रात काम करते. आधी लेकीचं सांगते: गहू असलेलं काहीही घरात आणू नका.

जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, म्हणजे तुकडे केलेलं गव्हाचं प्रोटीन होतं. रोज तोंड धुता धुता ते त्वचेतून आणि डोळ्यांच्या कडांतून आत जात राहिलं, आणि आधी बिनदिक्कत पोळी-ब्रेड खाणाऱ्यांना गहू खाल्ल्यावर ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी होऊ लागली. २०११ मध्ये साबण परत मागवला गेला. रुग्ण २,००० च्या वर निघाले. त्या प्रोटीनचे तुकडे फार मोठे राहिले होते. पुढे युरोपीय संघाने २०१७ मध्ये नियम केला की कॉस्मेटिक्समधल्या गव्हाच्या पेप्टाइडचं, म्हणजे या तुकड्यांचं, सरासरी वजन ३.५ किलोडाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) वर नको. पण बाटलीवर हे वजन छापलेलं नसतं, म्हणजे आपल्याला दुकानात कळायला मार्ग नाही. शिवाय एक्झिमाची त्वचा आधीच फुटलेली, तिच्यातून अशा गोष्टी जास्त सहज शिरतात. हातावर लावून बघू वगैरे घरी अजिबात नको, तिच्या डॉक्टरांना विचारा.

आता तुमचे केस. केस केराटिनचे असतात आणि कुठल्याच वनस्पतीत केराटिन नसतं. 'व्हेगन केराटिन' म्हणजे वेगवेगळ्या वनस्पतींच्या प्रोटीनचं मिश्रण. हायड्रोलाइज्ड म्हणजे आम्ल, अल्कली किंवा एन्झाइमने प्रोटीनचे बारीक तुकडे केलेले. अगदी लहान तुकडे केसात थोडे शिरतात, मोठे वरवर पातळ थर धरतात. केस गुळगुळीत लागतात, विंचरताना कमी तुटतात. धुतल्यावर ते निघून जातं, म्हणून पुन्हा लावावं लागतं. दुभंगलेलं टोक मात्र कशानेच जुळत नाही, ते कापावंच लागतं. तुमच्यासाठी तांदूळ किंवा वाटाणा चालेल. सोयाची ॲलर्जी कुणाला नसेल तर सोयाही.

अनघा७४
माझे केस जाड, कधीच न रंगवलेले. दर आठवड्याला प्रोटीन मास्क लावत होते तर काड्यांसारखे ताठ झाले. बंद केल्यावर मऊ झाले.

दिगंबर_सातारा
एवढा खर्च कशाला? आमच्याकडे आई मेथीदाणे भिजवून वाटून लावते. तांदळाचं पाणीही. त्यातही प्रोटीनच की!

रेवा_ठाणे
दिगंबरदादा, आईंची मेथी खुशाल चालू ठेवा, पण तिथे काम प्रोटीन करत नाही. अख्खं प्रोटीन केसात शिरण्याइतकं लहान नसतं. मेथीचा जो बुळबुळीतपणा असतो, त्याने केस सुटसुटीत होतात. घरातलं खरं दमदार काही सांगायचं तर खोबरेल! न्हाण्याआधी लावलं तर केसातलं स्वतःचं प्रोटीन कमी वाहून जातं. २००३ चा यावरचा अभ्यास मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांचा आहे. कंपनी खोबरेल विकते हे खरं, तरी कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक ॲसिडचा रेणू लहान आणि सरळ, तो केसात शिरतो. सूर्यफुलाच्या आणि मिनरल ऑइलने तसं दिसलं नाही.

अनघाताई, बरोबर केलंत. रंगवलेल्या, भाजलेल्या केसांवर ऋण भार जास्त असतो, म्हणून धन भाराचं प्रोटीन तिथे चिकटतं. धड केसांना त्याची गरजच नसते.

मृण्मयी_के
रेवाताई, फार आभार. लेबलवर प्रोटीन किती आहे ते कसं ओळखायचं?

रेवा_ठाणे
एक टक्क्यावरचे घटक उतरत्या क्रमाने लिहितात, त्याखालचे कसेही. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठीचं रसायन सहसा एक टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. प्रोटीन त्याच्यानंतर असेल तर तेही बहुधा तेवढंच किंवा कमी. पण कमी म्हणून लगेच खाली ठेवू नका, धन भाराचं प्रोटीन थोडंही पुरतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'राइस प्रोटीन' असलं तरी मागची यादी पूर्ण वाचा, बरेचदा त्यातच गहूही असतो. 'ट्रिटिकम व्हल्गेर' म्हणजे गहूच. लेकीचं लोशन, हँडवॉश आणि तुमची लिपस्टिकही याच नजरेने बघा, लिपस्टिक तर पोटात जाते.