शब्दचर्चा: 'इम्युनोमॉड्युलेटर'ला मराठीत काय म्हणावं?

हडपसरहून: गोठेवाल्यांसाठी कासदाहाची (जंतूंमुळे गाईच्या कासेला सूज येण्याच्या आजाराची) माहितीपत्रिका मराठीत लिहितेय. 'इम्युनोमॉड्युलेटर'ला, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीत फेरफार करणाऱ्या औषधाला, 'प्रतिकारशक्तिवर्धक' म्हटलं तर चालेल का? औषधाच्या दुकानात सर्रास तेच ऐकू येतं. आणि आजाराचं नाव 'कासदाह' ठेवू की बोलीतलं 'दगडी'?

दौंडहून (पशुवैद्यक): 'वर्धक' नको, ताई. सडातून जंतू आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, कासेत धावून येतात. कास लाल-गरम होते, दुधात गुठळ्या येतात, यातला बराच भाग त्या लढाईचाच. जंतू मरतात, पण दूध तयार करणाऱ्या पेशीही होरपळतात. तिथे शक्ती आणखी वाढवून काय साधणार?

उलट व्यायच्या सुमारास याच न्यूट्रोफिल मंदावतात. तेव्हा त्यांची संख्या वाढवणारं पेगबोविग्रास्टिम नावाचं औषध आहे. अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली. एक इंजेक्शन व्यायच्या साधारण आठवडाभर आधी, दुसरं व्याल्यावर 24 तासांच्या आत. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं काम याच्या नेमकं विरुद्ध: दाह दाबतं, त्यासोबत प्रतिकारही. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला दिलं तर गाभडण्याची भीती. एक वर नेतं, एक खाली आणतं. दोन्हींना पुरेल असा शब्द 'प्रतिकार-नियामक'.

सदाशिव पेठेतून: 'नियामक' म्हटलं की मला वीजदरच आठवतात. 'प्रतिकार-समायोजक' कसं वाटतं?

दौंडहून: कागदावर छान. गोठ्यात उच्चारून दाखवा.

शिरूरहून: आम्ही दगडीच म्हणतो. पण कास दगडासारखी टणक झाली, गाय हात लावू देईना, तरच. लपलेल्या आजारात कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, फक्त थोडं घटलेलं. तिथे 'दगडी' छापलंत तर जो तो म्हणेल, माझ्या गाईला काही नाही. सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे दुधाची गोठ्यातच होणारी तपासणी) करून पाहा. चार खणांच्या पसरट ताटलीत चारी सडांचं दूध वेगवेगळं घ्यायचं, तेवढंच द्रावण घालून गोल फिरवायचं. दुखऱ्या सडाचं दूध शेंबडासारखं लिबलिबीत होतं. म्हणून शीर्षकात 'कासदाह', पुढे कंसात 'दगडी', आणि सुप्त प्रकाराला वेगळा परिच्छेद द्या.

हडपसरहून: पटलं. मग मेलॉक्सिकॅम कुठे घालू? आमच्याकडे त्याला 'सुजेचं इंजेक्शन' म्हणतात.

दौंडहून: 'दाहशामक' लिहा. ताप, वेदना, सूज उतरवतं, जंतू मारत नाही. हे वाक्य ठळक छापा, कारण गाय चारा खायला लागली की लोक अँटिबायोटिक अर्ध्यावर सोडतात. आणि डायक्लोफेनॅक या दुसऱ्या दाहशामकाचं नाव कुठे राहिलं असेल तर काढा. ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेल्यामुळे 2006 पासून ते आपल्याकडे जनावरांसाठी बंद आहे.

शिरूरहून: सेलेनियम, ई जीवनसत्त्व यांना मात्र 'पूरक'च म्हणा, ताई. 'औषध' म्हटलंत की लोक दगडी झाल्यावरच आणतात. ती द्यायची गाय आटवल्यापासून, म्हणजे व्यायच्या आधी दूध काढणं थांबवल्यापासून.