आदाम ते मोशे: बायबलमधला सुरुवातीचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या पोचला तरी कसा?

टाकसाळी (धागाकर्ता)

उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पाचव्या आणि अकराव्या अध्यायातली वयं मांडून केलेला एक तक्ता सध्या बराच फिरतोय. हिशेब असा: आदाम ९३० वर्षं जगला. तो ६८७ वर्षांचा असताना मथुशलह जन्मला, म्हणजे दोघांना २४३ वर्षं एकमेकांचा सहवास. मथुशलह गेला त्याच वर्षी जलप्रलय, आणि तेव्हा नोहाचा मुलगा शेम ९८ वर्षांचा. शेम ६०० वर्षं जगला आणि अब्राहामाचा नातू याकोब पन्नाशीचा होईपर्यंत हयात होता. थोडक्यात, एदेन बागेची हकिकत आदामाकडून याकोबापर्यंत यायला मध्ये फक्त दोन माणसं लागली. तिथून मोशे, म्हणजे परंपरेने या पुस्तकाचा मानलेला लेखक, दूर नाही.

कल्पना नवी नाही. तालमूद या यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथात बावा बात्रा या प्रकरणात म्हटलंय की सात माणसांनी सगळा काळ व्यापला: आदाम, मथुशलह, शेम, याकोब, अम्राम, शिलोचा अहीया आणि एलीया. एलीया तर मेलाच नाही, म्हणजे साखळी अजून चालूच!

हे इतिहासाचं उत्तर म्हणून मला पटत नाही. माणूस नऊशे वर्षं जगतो का, हा वाद बाजूला ठेवू. अडचण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या जुन्या पाठांत आहे. वरचा हिशेब मासोरा या हिब्रू पाठातला. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सुरू झालेल्या ग्रीक भाषांतरात बहुतेक बापांची मुलं होतानाची वयं शंभर-शंभरने जास्त आहेत. त्या हिशेबाने मथुशलह जन्मतो १२८७व्या वर्षी, आणि आदामाला जाऊन तोवर ३५७ वर्षं झालेली असतात. पहिलीच कडी तुटली. शोमरोनी लोकांनी जपलेल्या पाठात प्रलयापासून अब्राहामापर्यंत नऊशेहून जास्त वर्षं जातात, त्यामुळे शेमची आणि त्याची गाठच पडत नाही. ग्रीक पाठाच्या काही हस्तलिखितांत तर मथुशलह प्रलयानंतरही १४ वर्षं जगतो, आणि तारवात तर तो नव्हता. संत ऑगस्टीनलाही या भानगडीवर पानं खर्ची घालावी लागली.

पण दुसऱ्या टोकाचं 'सगळं बाबेलच्या बंदिवासात बसून रचलं' हेही मला मान्य नाही. अब्राहामाची बायको त्याची सावत्र बहीण. बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा १८वा अध्याय असं लग्न निषिद्ध ठरवतो. याकोबाने एकमेकींच्या बहिणी असलेल्या दोघींशी लग्न केलं. त्यालाही तिथेच मनाई आहे. तो बेथेलला दगडाचा स्तंभ उभा करतो, अब्राहाम बैरशेब्याला झाड लावून तिथे देवाचं नाव घेतो. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा १६वा अध्याय स्तंभालाही नको म्हणतो आणि वेदीजवळच्या झाडालाही. बंदिवासाच्या काळातल्या, इ.स.पू. सहाव्या शतकातल्या पुरोहितांनी कोऱ्या पाटीवर लिहिलं असतं तर आपल्याच कुलपुरुषांना आपल्याच कायद्याचे गुन्हेगार का केलं असतं? या गोष्टी त्यांच्या हाती आयत्या, जुन्या आल्या असणार, आणि गाळायची हिंमत झाली नसणार.

माझं मत: बेथेल, हेब्रोन, शखेम, बैरशेबा या ठाण्यांपाशी या गोष्टी सुट्या सुट्या तोंडी सांगितल्या जात होत्या. राजेशाहीच्या काळात आणि नंतर त्या लिहिल्या गेल्या, सांधल्या गेल्या. तुम्हाला काय वाटतं?

मळेवाडीकर

तोंडी, तोंडी काय लावलंय? अब्राहाम ऊरचा होता ना? ऊरमध्ये त्याच्या आधी कित्येक शतकं लेखनिक तयार करणाऱ्या शाळा होत्या, घर विकलं तरी मातीच्या पाटीवर करार व्हायचा. अशा गावातून निघालेला माणूस आपली वंशावळ नुसती आठवणीवर सोडेल?

उत्पत्तीत 'ही अमक्याची वंशावळ' असं वाक्य अकरा वेळा येतं. १९३६ मध्ये पी. जे. वाइझमन यांनी मांडलं की ही बाबेली पाट्यांच्या शेवटी असते तशी नोंद आहे, 'ही पाटी अमक्याची' अशी. एकेका कुलपुरुषाने आपापली पाटी राखली, पुढच्याला दिली, आणि मोशेने त्या एकत्र केल्या. नऊशे वर्षांच्या वयांवर काही टेकवायची गरजच नाही.

आणखी एक. योसेफाला भावांनी २० शेकेल चांदीला विकलं. हम्मुराबी या जुन्या बाबेली राजाच्या कायद्यात गुलामाची भरपाई २० शेकेलच आहे. पुढे मनहेम राजाने अश्शूरच्या राजाला खंडणी दिली ती माणशी ५० शेकेल. बंदिवासातल्या लेखकाला हजार वर्षांपूर्वीचा भाव कुठून ठाऊक असणार?

खापरी

वाइझमन ब्रिटिश हवाई दलातले अधिकारी, इराकमध्ये असताना उत्खननं पाहिलेले. हौशी माणसाबद्दल मला आदरच आहे, मीही तसाच. पण त्यांची मांडणी लावून पाहा. 'वंशावळ' हे वाक्य पाटीचा शेवट असेल तर अब्राहामाच्या गोष्टीनंतर कुणाचं नाव येतं? इश्माएलाचं. म्हणजे अब्राहामाचा सगळा वृत्तांत हाकलून दिलेल्या मुलाने जपला? आणि योसेफाच्या लांबलचक गोष्टीच्या शेवटी तर असं वाक्यच नाही. हीच वाक्यं पुढच्या भागाचं शीर्षक म्हणून वाचली की सगळं सरळ लागतं.

२० शेकेलचं कोडं तर बायबलमध्येच सुटतं. लेवीय २७:५ वाचा: पाच ते वीस वर्षांच्या मुलाचं मोल २० शेकेल. योसेफ सतरा वर्षांचा होता. लेखकाला हम्मुराबीपर्यंत जायची गरजच नव्हती, शेजारच्या पुस्तकात दर लिहिलेला होता.

आता उलट बाजूचा पुरावा. अब्राहामाकडे उंटांचे तांडे आहेत. इस्राएलच्या दक्षिणेतल्या तिम्नाच्या तांब्याच्या खाणींच्या भागात पाळीव उंटांची हाडं इ.स.पू. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतात. इसहाक पलिष्ट्यांच्या राजाला भेटतो. पलिष्टी त्या किनाऱ्यावर आले इ.स.पू. बाराव्या शतकात. ऊर 'खास्द्यांचं' आहे. खास्दी लोकांचा उल्लेखच नवव्या शतकापासून. आणि उत्पत्ती ३६:३१ मध्ये लेखक 'इस्राएलावर राजा होण्यापूर्वी' असं म्हणतो, म्हणजे त्याने राजे पाहिलेत! बायबलमधला मजकूर कोरलेली सर्वात जुनी वस्तू म्हणजे यरुशलेमच्या केतेफ हिन्नोम इथे १९७९ मध्ये सापडलेल्या चांदीच्या दोन गुंडाळ्या, साधारण इ.स.पू. ६००च्या. त्यांच्यावर आशीर्वाद आहे, इतिहास नाही.

मळेवाडीकर

@खापरी, नावं नंतर बदलली म्हणून मजकूर नंतरचा ठरत नाही. 'महाराजांचा राज्याभिषेक रायगड जिल्ह्यात झाला' असं आज कुणीही लिहून जातो. १९८१ आधी तो कुलाबा जिल्हा होता, आणि महाराजांच्या काळात जिल्हा नावाची भानगडच नव्हती. म्हणून राज्याभिषेक १९८१ नंतर रचला का? नकलकाराने वाचणाऱ्याला कळावं म्हणून नाव बदललं, एवढंच.

लेवीय २७चं उत्तर चांगलं आहे, पण तो नवसाचा दर आहे, बाजारभाव नव्हे.

घनपाठी

मोठी गंमत वाटते. तोंडी परंपरा म्हटलं की लोक लगेच कानगोष्टींचा खेळ समजतात. आपल्याकडे ऋग्वेद पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी आघातासकट टिकला, लिहिण्यावाचून. मग यहुद्यांना का जमणार नाही?

टाकसाळी

घनपाठी, जमलं असतं, पण तशी खूण मजकुरात दिसत नाही. वेद टिकले ते शब्द उलटसुलट म्हणून तपासायची पद्धत होती म्हणून, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं गुरूपुढे बसणारी माणसं होती म्हणून. उत्पत्ती बहुतेक गद्य आहे. प्रलयाच्या गोष्टीत एकदा प्रत्येक प्राण्याची एक जोडी, एकदा शुद्ध प्राण्यांच्या सात; एकदा चाळीस दिवस, एकदा दीडशे. अक्षर न्‌ अक्षर जपणाऱ्या परंपरेत असं होत नाही. दोन ठिकाणची सांगणं कुणीतरी शेजारी शेजारी ठेवली की असं होतं. पद्य जास्त टिकतं हे खरं. शास्ते ५ मधलं दबोराचं गीत भाषेवरून फार जुनं मानतात, आणि आधीच्या अध्यायातल्या गद्य हकिकतीशी ते पूर्ण जुळत नाही.

@मळेवाडीकर, ऊरचं नाव नकलकाराने बदललं असेल. उंट मात्र नाव नव्हे, रिबेकेच्या लग्नाची अख्खी गोष्ट उंटांना पाणी पाजण्यावर उभी आहे.

रेवदंडा_ते_लोद

उशिरा आलो. ज्या परंपरेबद्दल इथे अंदाज बांधणं चाललंय तिचा एक प्रयोग कोकणात होऊन गेलाय, म्हणून लिहितो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. घरी मराठी, गावं अलिबाग, रेवदंडा, पेण, म्हसळा अशी. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. कित्येक शतकं आमच्याकडे ना तोरा (मोशेची पाच पुस्तकं) होती ना हिब्रू येणारा माणूस. टिकलं काय? शब्बाथ. आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. 'श्मा इस्राएल' एवढं वाक्य, प्रत्येक प्रसंगाला तेच. दावीद राहाबी नावाच्या परक्या यहुद्याने आमच्या बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि त्यांनी चालणारे मासे बरोबर वेगळे काढले, तेव्हा त्याची खात्री पटली असं सांगतात. तो नेमका कधी आला यावर आमच्यातच भांडणं आहेत.

आता टाकसाळींना विचारतो. तुमच्या कुलपुरुषांच्या गोष्टींचं काय झालं? योसेफ, मोशे, दावीद यांची सविस्तर चरित्रं आमच्याकडे परत आली ती एकोणिसाव्या शतकात. कोचीनचे शिक्षक आले, मिशनऱ्यांनी मराठीत जुना करार छापला, आणि १८८०च्या सुमारास आमच्या लोकांनी अब्राहाम-योसेफावर चक्क कीर्तनं सुरू केली, बुवा, झांजा, साकी-दिंडी सगळं. वागणं घरातून आलं. गोष्टी कागदावरून आल्या. म्हणजे पुस्तकाशिवाय कथा शतकानुशतकं टिकते हे तुमचं म्हणणं आमच्या बाबतीत तरी चाललेलं नाही.

खापरी

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी.

पण एक गोष्ट तुमच्याकडे तोंडीच टिकली: नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. चौदा! आणि त्याच कोकणात चित्पावनांची कथा काय? समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली. कुणी कुणाकडून घेतलं ते सोडा. मूळकथा शेजाऱ्याच्या साच्यात ओतली जाते, एवढं तर दिसतंच. उत्पत्तीतला प्रलय आणि गिलगामेश या मेसोपोटेमियाच्या महाकाव्याच्या अकराव्या पाटीतला प्रलय यांचंही तेच. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने ती पाटी वाचली तेव्हा पक्षी सोडण्यापर्यंत सगळं सारखं निघालं.

रेवदंडा_ते_लोद

चौदाचा आकडा मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण २०१६ मध्ये आमच्या जनुकांवर अभ्यास झाला त्यात यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही अंश निघाले. आम्ही बाहेरून आलो, थोडे होतो, इथल्यात मिसळलो. गोष्टीचा आकडा शेजारचा असेल, गोष्ट शेजारची नाही.

टाकसाळी

तुमच्या प्रयोगात एक फरक आहे. तुमचे पूर्वज त्या जागा सोडून आले होते. यहोशवा ४ मध्ये यार्देनेतून बारा दगड काढून गिलगालला रचतात, आणि कारणही देतात: पुढे मुलं विचारतील हे दगड कसले, तेव्हा सांगा. मुलं रोज दगड बघतात आणि विचारतात. कोकणात तो दगड कुठे होता? आणि जिथे होता तिथे गोष्ट टिकलीच की. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनावीचा, म्हणजे एलीयाचा, टापा (घोड्याच्या टापेची खूण) तुम्ही दाखवता, रथ तिथून स्वर्गात गेला म्हणता, मलिदा करता.

खापरी

अहो, हे तुमच्याच विरुद्ध जातं! २ राजे २ प्रमाणे एलीया यार्देनेच्या पूर्वेला वर गेला. टाप उठली अलिबागला. दगड गोष्ट धरून ठेवतो हे कबूल, पण कुठलाही दगड कुठलीही गोष्ट धरतो. मग अब्राहामाची कबर म्हणून दाखवतात त्या हेब्रोनच्या गुहेवरून त्याच्याबद्दल काय सिद्ध होतं?

विधींचा भरवसाही देऊ नका. २ राजे २३:२२ म्हणतं की यहूदाचा राजा योशीया याने केला तसा वल्हांडण सण शास्त्यांच्या काळापासून झालाच नव्हता. नहेम्या ८:१७ मांडवांच्या सणाबद्दल तेच म्हणतं, यहोशवापासून नाही. ग्रंथ स्वतःच सांगतोय की साखळी तुटली होती आणि पुस्तक वाचून पुन्हा जोडली.

मळेवाडीकर

म्हणजे पुस्तक होतं! मी काय वेगळं म्हणतोय?

खापरी

योशीयाच्या वेळी, इ.स.पू. ६२२ला, होतं. ऊरहून निघालेल्याच्या पडशीत होतं असं नाही.

रेवदंडा_ते_लोद

टाप्याबद्दल. जागा सरकली, पण रथ, घोडे, माणूस न मरता वर जाणं, हे सगळं शाबूत आहे. काय सरकतं आणि काय सरकत नाही, हे उत्पत्तीत कुणी बघितलंय का?

टाकसाळी

बघता येतं. बायकोला बहीण म्हणून सांगायची गोष्ट तीनदा आहे. अध्याय १२ मध्ये अब्राहाम, मिसर, फारो. २० मध्ये अब्राहाम, गरार, अबीमलेख. २६ मध्ये इसहाक, गरार, पुन्हा अबीमलेख. राजा बदलतो, गाव बदलतं, नवरासुद्धा बदलतो. न बदलणारं एवढंच: परक्या मुलखात बायको देखणी म्हणून जिवाची भीती, थाप, आणि परक्या राजाने कानउघाडणी करणं. या शेवटच्या भागात आपला कुलपुरुष कमीपणा घेतो, आणि तिन्ही वेळा तो तसाच राहिलाय. संपादकांना एक निवडून दोन टाकता आल्या असत्या.

खापरी

टाकल्या नाहीत, हे मान्य. पण तिन्हींपैकी कुठली आधीची ते सांगा, मग तुमचं ठाणं कुठलं तेही कळेल. मी २६ म्हणेन. तिथे राजा खिडकीतून बघतो आणि त्याला कळतं. बाकी दोन्हींत देवाला मध्ये पडावं लागतं, एकीत रोग पाठवून, दुसरीत स्वप्नात येऊन.

मळेवाडीकर

२६ मध्येच तुमचे ते बाराव्या शतकातले पलिष्टी आहेत.