उद्यमबागेत नोकरी, बेळगावात एकटा: पहिले काही महिने कसे काढायचे?

लातूरकर_२४
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत (इथली औद्योगिक वसाहत) मशीन शॉपला लागून ३ आठवडे झाले. पगार हातात २१,०००, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. अनगोळात खोली बघून ठेवलीय: भाडं ५,५००, डिपॉझिट ३०,०००. कन्नड शून्य. रविवारी संध्याकाळी खोली खायला उठते, सगळं सोडून गाव गाठावंसं वाटतं. खोली घेण्याआधी काय बघू? गाडी एमएच २४ आहे, तिचं काय? आणि मन कसं सांभाळू?

अनगोळचा_आड
भावा, डिपॉझिट देण्याआधी विचार: नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं? शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी आहे. काही वॉर्डांत चोवीस तास, बाकीकडे काही दिवसांआड. शिफ्टवाल्याची गोची इथंच होते, पाणी येतं तेव्हा तो मशीनवर असतो. माणशी दिवसाला ८० ते १०० लिटर धर. पाच दिवसांनी पाणी येत असेल तर ५०० लिटर साठा हवा, २०० चं पिंप पुरत नाही. बॉल कॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा) असेल तरच नळ उघडा ठेवून कामाला जा. खंडानंतरचं पहिलं पाणी गढूळ असतं. त्यातली रेव कॉकच्या वायसरखाली अडकली की कॉक बसत नाही आणि टाकी रात्रभर वाहते. महिन्यातून एकदा वायसर काढून धू. घराला विहीर असेल तर भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

दुसरं, पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून बघ. गार, चिकट लागली, पोपडे सुटलेले दिसले, तर जून ते सप्टेंबर तिथं बुरशी धरणार. लातूरच्या माणसाला या पावसाचा अंदाज नसतो. खाट भिंतीपासून वीतभर लांब ठेव, मार्कशीट प्लास्टिकच्या डब्यात.

कागद_आधी
करार ११ महिन्यांचा कर. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा केला तर नोंदणी लागते. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगाचे पैसे कापणार का, हे त्यातच लिहून घे. भांडण नेहमी रंगावरूनच होतं. मीटरचा आकडा आणि आरआर नंबरचा (वीजजोडणीचा नंबर) फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेव. गृहज्योतीचा (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) अर्ज भाडेकरूलाही करता येतो, पण आधीच्या भाडेकरूचं आधार त्या आरआर नंबरला जोडलेलं राहिलं असेल तर तुझा अर्ज अडकतो. ते आधी काढायला लाव.

गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं राहणार असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. क्रम चुकवू नकोस: कर्ज असेल तर बँकेची एनओसी, मग लातूर आरटीओची, मग इथला रोड टॅक्स. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, जुन्या पावत्या फेकू नकोस. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८.

तिसरं_गेट
बाळा, खानावळीचं जेवण दोन्ही वेळ परवडणार नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो आणि एकट्याला दोन वेळच्या साध्या स्वयंपाकाला साधारण महिनाभर जातो. दोन लिटरचा कुकर घे. खाली मूठभर तूरडाळ, वरच्या डब्यात अर्धी वाटी तांदूळ. रात्रपाळीहून आलास की आधी खाऊन घे, मग खिडकीला जाड चादर लावून झोप. उपाशी झोपलास की दुपारी बारालाच जाग येते आणि उरलेला दिवस चिडचिडीत जातो.

भाषेचं ओझं घेऊ नकोस. बाजारात मराठी चालते, तीही इथली, ‘काय करूलास?’ म्हणजे ‘काय करतोयस?’ शॉपमध्ये मात्र ‘नंग स्वल्प कन्नड बरतद री’, म्हणजे ‘मला थोडं कन्नड येतं जी’, एवढं म्हण. त्यातला ‘री’ सोडू नकोस, मान त्यातच आहे. रोज पाच शब्द शेजारच्या मशीनवाल्याकडून घे.

रविवारी ५ ते ७ खोलीत बसायचंच नाही. किल्ला तलावाला फेरी मार, नाहीतर शॉपमधल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळ. घरी फोन सकाळीच कर. संध्याकाळी केलास की आईचा आवाज ऐकून आणखी तुटतं. गावी महिन्यातून एकदाच जा, नाहीतर रविवार प्रवासात जातो आणि इथं ओळखी होतच नाहीत. झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली राहिली तर टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन कर, पैसे लागत नाहीत.

लातूरकर_२४
मालकांना विचारलं. पाणी दर पाचव्या दिवशी पहाटे, टाकी ३०० लिटरची, बॉल कॉक आहे. पश्चिमेची भिंत कोरडी लागली.

अनगोळचा_आड
मग २०० चं पिंप टाकीच्या शेजारी, दोन्हींची तोंडं एका उंचीला येतील असं ठेव आणि दोन्ही तळाशी पाइपने जोड. एकाच कॉकवर दोन्ही भरतील. खोली घे.